सात सेंटीमीटरचं चॉकलेट

"गॅस पेटवायचाच नाही, मग करपणार काय?" असं म्हणत मोजणीदारांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलेल्या या गृहस्थांनी स्वयंपाकघरात आजवर फक्त पाणी प्यायलं होतं. पण आज बायकोची थोरली बहीण जेवायला येणार होती. ताई म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. गेल्या खेपेला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुम्हाला घरात नक्की काय काम असतं हो?" ते मोजणीदारांच्या जिव्हारी लागलं होतं.

कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांचा एक थर, त्यावर चॉकलेट घालून घुसळलेल्या क्रीमचा दुसरा, असं करत त्यांनी स्टीलचा उभा डबा भरला. फूटपट्टी धरली. बरोब्बर सात सेंटीमीटर! डबा फ्रिजमध्ये ठेवून त्यांनी फर्मान काढलं, "चार तास कुणी हात लावायचा नाही."

फर्मान पहिल्यांदा त्यांनीच मोडलं. घट्ट झालंय का, हे बघायला नको? चमचाभर काढलं आणि खड्डा दिसू नये म्हणून वरचा भाग चमच्याच्या पाठीने सारखा केला. मग आई दूध काढायला गेली, ती फ्रिजपाशीच रमली. बायको लिंबू आणायला गेली आणि ओठ पुसत, लिंबाशिवायच परतली. लेक तर टीव्हीवरच्या दर जाहिरातीला उठत होती. सपाटी मात्र प्रत्येकीने इमानाने राखली.

साडेबाराला मोजणीदारांनी पुन्हा फूटपट्टी बुडवली. "दीड? साडेपाच गेले कुठे?"

"थंडीने आक्रसतं रे ते," आई म्हणाली.

"क्रीम बसतं खाली," बायकोने री ओढली.

लेकीने नुसती मान डोलावली. तिचं तोंड भरलेलं होतं.

स्वतःच्या एका चमच्याचे पुढे तीन झालेले आठवून मोजणीदारांनी चौकशी आवरती घेतली. उरलं होतं जेमतेम वाटीभर. ठरलं, ते ताईंना द्यायचं आणि बाकीच्यांनी काहीतरी सबब सांगायची.

जेवणं झाली. वाटी ताईंपुढे आली.

"आणि तुम्ही सगळे?"

"मला गोड चालत नाही," आई म्हणाली.

"माझं डाएट आहे गं," बायको म्हणाली.

"माझी दाढ दुखतेय, मावशी."

"मला कॉफीने पित्त होतं," मोजणीदारांनी सांगितलं.

ताईंनी वाटी नाकाशी नेली, हुंगली आणि खाली ठेवली. "घरातलं एकही माणूस खात नाही आणि मला आग्रह? केलंय कुणी हे?"

"मी," मोजणीदार पुटपुटले.

"मग आधी तुम्ही खा. माझ्यासमोर."

त्यांनी एक चमचा घेतला. डोळे आपोआप मिटले.

"आणखी एक. नीट गिळा."

तिसऱ्या चमच्याला सांगावं लागलं नाही. तेवढ्यात लेकीची दाढ बरी झाली. तिच्यापाठोपाठ बायकोचं डाएट मोडलं आणि आईने तर बोटच घातलं. वाटी लखलखीत झाली.

"म्हणजे चांगलं होतं तर," ताई थंडपणे म्हणाल्या.

आईने बोट हळूच पदराला पुसलं.

ताई उठून थेट स्वयंपाकघरात शिरल्या. "बिस्किटं काढा. कॉफी कुठंय?" त्या देखरेखीला उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासात मोजणीदारांनी नवा डबा भरला. तो उचलून ते फ्रिजकडे वळले.

"तिकडे कुठे निघालात? टेबलावर ठेवा." ताई खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसत म्हणाल्या, "आणि चमचा एकच आणा."