घंगाळातली हवा

हवेचंसुद्धा पाणी होतं, असं सोपान गुरुजी पंचायतीत बोलून बसले आणि तिथंच अडकले. सरपंच सर्जेराव मिशीत हसले. पातळ झालेली हवा गावाला दाखवली, तर चावडीमागची खोली शाळेच्या प्रयोगांना देऊ. नाहीतर तिथं पेंडीची पोती पडतील, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. त्या खोलीसाठी दोन वर्षं हेलपाटे घालणाऱ्या गुरुजींना मग झोप कुठली!

त्यांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना गळ घातली. ते बिचारे भला मोठा थर्मास मांडीवर सांभाळत यष्टीनं वडगाव निंबाळकरला आले. आत बर्फाहून कितीतरी गार अशी पातळ हवा. झाकण सैल, त्यातून सारखा पांढरा धूर. थर्मास स्वयंपाकघरात ठेवून दोघं खोली बघायला गेले. त्याला हात लावू नकोस, एवढं बायकोला, सरुबाईंना, सांगायचं मात्र गुरुजी विसरले.

परतल्यावर धुळीनं माखलेल्या पाहुण्यांना आंघोळ हवी होती. सरुबाईंच्या चुलीवर डाळ शिजत होती. शहरातला माणूस कढत पाणी संगं घेऊन हिंडतो, किती शहाणा, असं मनाशी म्हणत त्यांनी अख्खा थर्मास घंगाळातल्या दोन तांबे पाण्यात उपडा केला. पाणी खळखळलं, न्हाणी वाफेनं भरली. सरुबाईंना समाधान वाटलं.

पंचा नेसून बसलेल्या प्राध्यापकांनी तांब्या बुडवला, तो टक्कन बर्फावर आपटला.

"वहिनी, हे पाणी कशावर तापवलंत?"

"तुमचंच कढत वतलंय की त्यात. इसणाला गार पाणी घालू का?"

गुरुजींनी थर्मास उपडा करून झटकून पाहिला. शाळेपुढं गाव जमलं होतं आणि थर्मासात थेंब नव्हता. शेवटी दोघांनी घंगाळच उचलून नेलं.

सर्जेरावांनी बर्फाचा खडा तोंडात टाकला. "ह्यो तर बारामतीच्या सरबतवाल्याकडंबी मिळतो, गुरुजी. हवा कुठं हाय?"

प्राध्यापकांनी शास्त्र समजावलं, पण कुणाला पटेना. गुरुजींना रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात पदर खोचून सरुबाई पुढं झाल्या. गावापुढं आपली चूक सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी सगळं सांगितलं.

"बाटलीभर वतलं, तरी घंगाळात माझं दोन तांबं पाणी हुतं तेवढंच राहिलं. मोजून बघा. मग वतलेलं गेलं कुठं? हवाच हुती, हवंत गेली."

सर्जेरावांनी खरंच बर्फ वितळवून मोजायला लावलं. दोन तांबे भरले, वर थेंब नाही.

"खोली दिली," शेवटी ते म्हणाले. "पर तितं शिकवायला वहिनींना बसवा. तुमी घरी पाणी तापवा."

खोली मिळाल्याच्या आनंदात गुरुजी व्हय म्हणून मोकळे झाले.