ट्रॅक्टरसाहेबांची नोंद

"जावईबापू, ट्रॅक्टरला ट्रॅक्टर का म्हणतात हो?" सासऱ्यांनी भर जेवणात विचारलं.

जावई शेतीकोशाच्या कार्यालयात मदतनीस होते. नोकरी हंगामी, पण सासरी त्यांना सगळे 'कोशवाले' म्हणत. कोशवाल्यांना उत्तर ठाऊक नव्हतं.

"सांगा की," मेहुणा दात काढत म्हणाला, "का नेमकं तेवढंच पान फाटलंय?"

कोशवाल्यांनी घास गिळला. "ट्रॅक्टर नावाचे एक साहेब होते. त्यांचे बैल पळाले, म्हणून त्यांनी नांगराला इंजिन जुंपलं."

"बघ! नाहीतर तू!" सासऱ्यांनी मुलाला सुनावलं.

सासरे एका साप्ताहिकात 'माहीत आहे का?' हे सदर लिहीत. पुढच्याच अंकात ट्रॅक्टरसाहेब अवतरले. नुसते पळालेले बैल कोरडे वाटले, म्हणून सासऱ्यांनी साहेबांना एक सोशिक बायकोही दिली. मेहुणा परीक्षांची गाइडं लिहायचा. त्याने ते सदर जसंच्या तसं उचललं आणि वर साहेबांना जन्मगाव बहाल केलं. त्याशिवाय रिकाम्या जागा कशाच्या भरणार?

आणि मग कोशातली 'ट्रॅक्टर' ही नोंद नेमकी कोशवाल्यांच्या टेबलावर आली. ही नोंद पार पडली की नोकरी कायम होणार होती. त्यांनी कार्यालयातला एकुलता एक व्युत्पत्तिग्रंथ इमानाने चाळला. लॅटिनमध्ये 'ओढणे' या अर्थाचं क्रियापद आहे. त्यावरून ओढणारा तो ट्रॅक्टर.

मुख्य संपादकांनी त्यांची नोंद वाचून चष्मा वर केला. "आधार?"

"एक ग्रंथ, साहेब."

"नियम काय आपला? दोन छापील आधार. ट्रॅक्टरसाहेबांना आहेत." त्यांनी खणातून दोन्ही काढून टेबलावर ठेवले. " एक साप्ताहिक, एक गाइड."

कोशवाले घाईने पुढे झाले. "साहेब, तो माणूस झालाच नाही! मी जेवता जेवता रचला."

"हे कुठे छापून आलंय?"

"छापून कुठलं? मी स्वतः सांगतोय ना!"

"म्हणजे तोंडी. अहो, उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, अमका माणूस मीच रचला. कोश चालवायचा कसा?"

"पण साप्ताहिकात लिहिणारे माझे सासरे, साहेब! आणि गाइडवाला मेहुणा!"

"काय सांगता! घरात दोन-दोन अधिकारी व्यक्ती, आणि कधी बोलला नाहीत?" साहेबांनी लॅटिन खोडून तिथे ट्रॅक्टरसाहेब लिहिले, नोंदीवर सही ठोकली आणि त्याच शाईत नोकरी कायम झाल्याच्या हुकमावरही.

आनंद करावा की तोंड लपवावं, ते कोशवाल्यांना कळेना. "आणि ते लॅटिन, साहेब?" त्यांनी चाचरत विचारलं.

"माझा त्याच्यावर राग नाही हो," सहीवर टिपकागद दाबत साहेब म्हणाले. "पण त्याला म्हणावं, आधी एखादं चांगलं सासर बघ."