घरगुती आइसक्रीमची गाडी

कायदा समजायला वकील लागतो, हे साफ खोटं! मला तो एका दुपारीत समजला. कर्ज धंद्यासाठी काढलं असेल, तर ग्राहकांचा कायदा तुम्हाला ओळखसुद्धा दाखवत नाही. पण घरगुती कामासाठी असेल, तर तोच कायदा कंबर कसून उभा राहतो आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो, ‘या म्हाताऱ्याला झेपेल का, हे न बघता दिलंतच कसं?’ कदीना गावच्या मोफत सल्ला केंद्रातल्या रोवीनाबाईंनी हे सांगितलं आणि मी खुर्चीतच उडालो.

“म्हणजे हप्ते थकले तरी गाडी नेणार नाहीत?”

“तसं होऊ शकतं. गाडी कसली?”

“आइसक्रीमची.”

बाईंनी चष्मा काढला. “अहो लायल, आइसक्रीमची गाडी घरगुती वापराला?”

“हो!”

“घरात माणसं किती?”

“मी,” म्हटलं. “आणि... मीच.”

“‘धंद्यासाठी’ असं कबूल करून सही केलीय तुम्ही. ते खोडायचं तर गाडी घेण्याचं खरं कारण पटवावं लागेल. शनिवारी कंपनीचा डॅरन येतोय ना? त्याला खरं ते सांगा. तो लिहून नेईल.”

खरं कारण? माझी बायको ग्लेनिस गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिज घुरघुरला तरी मी “काय गं?” म्हणायचो. गाडीची घंटी वाजली की दारं उघडतात, कुणीतरी चपला ओढत बाहेर येतं, “कसा आहेस, लायल?” म्हणतं. एवढ्याचसाठी घेतली गाडी. पण सत्तरीच्या बाप्यानं परक्या पोराला सांगायचं, की मला करमत नाही? छे! त्यापेक्षा घर भरून दाखवू!

शेजारच्या बेव्हला म्हटलं, “शनिवारपुरती माझी बहीण हो.”

“मी? तुझी बहीण? हे नाक घेऊन?”

पण आली बिचारी. नवरा ट्रेव्हर झाला मेहुणा, त्याच्या बोलिंग क्लबातले चौघे झाले चुलतभाऊ. शनिवारी अंगणात हे गोकुळ भरलं आणि मी कोन वाटू लागलो.

“घरचीच गाडी, काका?” डॅरननं विचारलं.

“घरचीच! आमच्याकडे खाणारी तोंडं फार!” त्याच्याही हातात एक कोन दिला. तो चाटत चाटत लिहू लागला. जिंकलो!

आणि ट्रेव्हरची चुळबुळ सुरू झाली. आमच्या वॉलरू गावात दुसऱ्याचं फुकट खाल्लं की माणसाला घास गिळवत नाही. पुढची फेरी सगळ्यांसाठी आपण घेतली, तरच मान वर होते.

“ही फेरी माझी!” ट्रेव्हरनं नोट काढली.

मी त्याच्या पायावर पाय दिला. “मेहुणे, घरात कसले पैसे?”

“असं कसं? सगळ्यांना दे!”

“त्यानंतरची माझी!” एक चुलतभाऊ उठला.

“मग मी काय मेलोय?” दुसरा ओरडला.

“आणि मागच्या रविवारचे माझ्याकडून राहिलेत, तेही घे,” बहीण म्हणाली.

 त्यात डॅरन पडला याच मातीतला. दुसरा कोन संपवून तो लाल होत म्हणाला, “काका, आता माझी फेरी.” त्यानं कार्ड लावलं. यंत्रानं ‘पीं’ करून पावती काढली. वर ठळक अक्षरांत माझ्या धंद्याचं नाव, ‘पास्को आइसक्रीम’!

फाटकाशी त्यानं हळूच विचारलं, “खरं सांगा, काका, गाडी का घेतलीत?”

मी त्याच्या बुटांकडे बघत म्हटलं, “कुणीतरी यावं म्हणून.”

“अहो, हे आल्या आल्या बोलला असतात, तर तेच लिहिलं असतं की मी!”

“मग आता लिही ना!”

“आता कसं? सगळ्या अंगणानं माझ्यादेखत पैसे दिले. मीसुद्धा!”

सोमवारी गाडी नेली.

तेव्हा मंडळी, कर्ज कशासाठी काढलं असं कुणी विचारलं, तर लाज सोडून खरं ते सांगा. माझा अजून सराव चाललाय. काल बेव्हनं कुंपणावरून विचारलं, “एकटा बरा आहेस ना रे?”

मी म्हटलं, “झकास!”