डबाबंद दुरुस्ती

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या दिवशीच तिने एक रेघ पुसायचं काम अंगावर घेतलं. तिची कंपनी आयांना बाळाच्या लसीची आठवण करून देणारे निरोप पाठवी. निरोप आदल्या दिवशी जायला हवा होता. पण प्रोग्रॅममध्ये कुणीतरी घाईत ‘तारीख वजा एक’मधल्या वजाच्या जागी अधिक लिहून बसलं होतं. त्यामुळे तो लसीच्या दुसऱ्या दिवशी पोचे आणि ‘उद्या लस आहे, विसरू नका’ असं छातीठोकपणे सांगे. तिच्या स्वतःच्या लेकीची लस अशीच हुकली, तेव्हा कुठे हे तिच्या ध्यानात आलं. पुढचे निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होते.

“अधिकातली उभी रेघ तेवढी पुसायची, सर. आत्ता देते पुसून.”

“पुसाल हो. पण कुठे बसून?” साहेबांनी विचारलं. कार्यालयाचं डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची संगणकातली जागा, त्यांच्या ताब्यात असल्यामुळे सगळे त्यांना पर्यावरणमंत्री म्हणत.

“इथेच. माझ्या खुर्चीत.”

मंत्री खिन्न हसले. तिच्या रजेच्या काळात युग बदललं होतं. पूर्वी कसलीही तक्रार आली की जो तो ‘माझ्याकडे तर चालतं’ म्हणून हात झटके. त्यावर उपाय म्हणून आता प्रत्येकाने आपापल्या लिनक्स संगणकावर एक बंद डबा, म्हणजे कंटेनर, उभारून त्यातच काम करायचं होतं. सगळ्यांचे डबे हुबेहूब सारखे. डब्याबाहेर एक अक्षरही लिहायची मनाई.

तिने डब्याचं सॉफ्टवेअर घातलं आणि पहिली आज्ञा दिली. यंत्र म्हणालं, परवानगी नाही.

“परवानगीवाल्यांच्या गटात नाव लागतं,” मंत्री म्हणाले. “घातलंय मी. पण यंत्राला ते पटायला तुम्ही एकदा बाहेर पडून परत आत या.”

ती बाहेर पडली. परत आत येता येईना, कारण रजेत न बदललेल्या तिच्या पासवर्डची मुदत नेमकी तेवढ्यात संपली होती. पासवर्ड बदलायची सोय होती, पण ती आत आलेल्यांसाठी.

दुपारी कुणाकुणाच्या विनवण्या करून ती आत आली, तोच सासूबाईंचा फोन.

“पोरगी शोधतेय गं तुला. किती वेळ अजून?”

“डबा तयार होत नाहीये, आई.”

“अगंबाई! सकाळी माझ्यासमोर भरून नेलास की! सांडलास?”

पलीकडून लेकीचा हुंकार आला. ती तेवढ्यापुरती विरघळली आणि पुन्हा कामाला लागली. डबा उभा राहिला. आत शिरून तिने रेघ पुसली, नमुन्याचा निरोप पाठवून पाहिला, वेळेवर गेला. समाधानाने तिने डबा बंद केला, पुन्हा उघडला, तर अधिक जिथल्या तिथे.

“बंद केलात? मग गेलं,” मंत्री म्हणाले. “दर वेळी कोरा करकरीत डबा. हीच तर त्याची खुबी.”

“सर, तुम्ही बाळाचा लंगोट बदलताना बाळही बदलता का हो?”

मंत्र्यांनी गंभीरपणे विचार केला. “बाळ टिकवायचं असेल, तर तशी वेगळी व्यवस्था जोडावी लागते.”

तिने ती जोडली. रेघ पुन्हा पुसली. डबा बंद करून उघडला, वजा शाबूत! सगळा मजला गोळा झाला. मंत्र्यांनी हात मिळवला. “रजेवरून आल्या दिवशीच पर्यावरण उभं! वा, ताई!”

“मग आता सोडूया ना बाहेर? सकाळी निरोप जायचेत.”

“बाहेर?” मंत्र्यांचा हात सैल पडला. “निरोप पाठवणारं यंत्र अजून जुनंच आहे. डब्याबाहेरचं. तिथे काही बिघडलं तर? पुरेशा तक्रारी आल्या तर बघू. तोवर दुरुस्ती डब्यात सुरक्षित आहे.”

“आणि बाळं?”

“त्यांचंही बघतोय. एक सूचना जोडतोय.”

सकाळी निरोप गेले, अधिकासकट. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: ‘निरोप उशिरा पोचल्यास तो आपल्या घरच्या पर्यावरणाचा दोष समजावा. आपला फोन, घर व बाळ आमच्या नमुन्याबरहुकूम करून घ्यावं.’ त्याखाली ठळक बटण: ‘मान्य आहे’.

ती दिवसभर तक्रारींची वाट पाहत बसली. थोड्याशा जरी आल्या असत्या, तरी तिने त्या टेबलावर आपटून मंत्र्यांना डबा उघडायला लावला असता. एकही आली नाही. तुम्हालाही गेला होता की तो निरोप. मूल कडेवर होतं, एक अंगठा मोकळा होता, सूचना फारच बारीक होती, आणि तुम्ही ठळक बटण दाबून टाकलंत.