थांबवणारी बाटली

"गुरुवारी साहेबांना कातडीवर बुखारी गालिचा विणून दाखवते!" सनोबर डॉक्टरबाईंनी समरकंदच्या प्रयोगशाळेत छातीठोकपणे जाहीर केलं.

जन्माआधीच्या कोकराच्या कातडीचा नखाएवढा तुकडा त्यांनी बशीत जगवला होता. अशा कातडीत दोन निरोप फिरतात. एक म्हणतो, "इथे केस उगव!" दुसरा दटावतो, "खबरदार, इतक्या जवळ नको!" म्हणून केस अंतर राखून उगवतात. त्या दटावणाऱ्या निरोपाची एकच बाटली वर्षभर वाट पाहून परदेशातून आली होती. तिच्या थेंबांनी केसांच्या रांगा पाडून गालिच्याची नक्षी उमटवायची होती.

बुधवारी बघतात तर बाटली रिकामी!

"हमरोकुल-अका!"

प्रयोगशाळा सांभाळणारे, सगळ्यांचे अका म्हणजे दादा असलेले साठीचे हमरोकुल मान खाली घालून आले. "मीच घेतलं, बाई. शेळीच्या दह्यात कालवलं."

"आणि खाल्लंत?!"

"छे! बायकोच्या, ओयनिसाच्या डोक्याला चोळलं. तीन आठवडे, थेंब थेंब. केस कुठे यायचे ते या बाटलीवर ठरतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? आजारात तिचे सगळे केस गेले. आता फार दिवस नाहीत म्हणतात. म्हटलं, निदान वेणी घालून जाऊ दे..."

बाई रागवायच्याच राहिल्या. संध्याकाळी त्या अकांच्या घरी गेल्या. ओयनिसा-खाला द्राक्षाच्या मांडवाखाली बसल्या होत्या. डोकं तुळतुळीत!

"खाला, कसं सांगू? ती बाटली केस थांबवणारी होती. आणि जन्मलेली कातडी तसंही हे निरोप ऐकत नाही."

खाला खोकला लागेपर्यंत हसल्या. "अगं बाई! वेडा रोज भिंग घेऊन बघतो!" मग त्यांनी बाईंचा हात धरला. "त्याला सांगू नकोस हं. चाळीस वर्षांत माझ्या डोक्यावरून त्याचा हात असा कधी फिरला नव्हता."

गुरुवारी बशीत नुसतेच ठिपके.

"गालिचा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"सांडला, साहेब."

जर्दाळू पिकायच्या आधीच खाला गेल्या.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर अका कामावर आले. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत एकच पांढरा केस.

"शेवटच्या आठवड्यात आला होता, बाई. जरा यंत्राखाली बघता?"

बाईंनी पाहिलं. शेळीचा! दह्यातून आलेला. त्यांनी डोळा बराच वेळ भिंगावरून काढलाच नाही.

"खालांचाच आहे, अका."

अकांनी पुडी जपून मिटली आणि डोळे पुसले.

"मी म्हणत नव्हतो? तुमचं औषध गुणाचं आहे! जरा सावकाश लागू पडतं, एवढंच."