मुजरा करणारा चिमटा आणि हौसाईचे दही

श्री खिंडीच्या आईस दंडवत घालून सांगतो. शके सोळाशे नव्वद, डोलनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, धुके दाट. ते समयी एक राज्य होते. नाव पुसू नये, नाव धुक्यातच राहिले. खाली नगर, वर ढगाला टेकलेला गड, आणि मधे खिंडीची वाट, सारी धोंड्यांची अन् मुळ्यांची. राज्यातले घोडे सरले होते म्हणून निरोप पोचविणारे जासूद लोक सायकलीवर बसत, आणि सायकलीसही घोड्याचाच मान, रोज तेल मिळे, दसऱ्यास गळ्यात झेंडू मिळे. आणि जासूद व त्याचे वाहन हे एकच माणूस धरीत, दरबारात यायचे तर दोघांनी मिळून यायचे. आणि दरबारची चाल अशी की जे आत येईल त्याने आधी वाकावे. माणूस वाके, हत्ती वाके, कोणी पोपट आणिला तर तोही मान खाली घाली. सायकल तेवढी वाकत नसे. मग चोपदार तिचे मागचे चाक उचलून धरी, म्हणजे ती पुढून नमल्यागत दिसे, आणि चोपदाराची कंबर धरे.

मग एके दिवशी एक सौदागर आला आणि त्याने नवी सायकल आणिली. जाड टायर, मोरपंखी रंग, आणि पुढच्या चाकाला धरणारा जो चिमटा असतो ना, त्याच्या दोन्ही पायांत स्प्रिंगा. सरकार गादीवरून उतरले आणि त्यांनी हँडलावर दोन्ही हात ठेवून दाबिले, तो चिमटा खाली बसला आणि आपसूक वर आला. सरकार हळूच बोलले, "ही तर मुजरा करते." मग पुन्हा दाबिले, पुन्हा मुजरा. मग दिवाणजींनी दाबिले, मुदपाकखान्यातून आचारी पीठभरल्या हातांनी आले त्यांनीही दाबिले, आणि त्या दिवशी कोणाचे जेवण वेळेवर झाले नाही. खिंडीत नेऊन मात्र कोणी पाहिली नाही. सौदागर म्हणाला, ढगावरून चालल्यागत वाटेल, आणि मोहरा बांधून निघून गेला. मग हुकूम सुटला की आजपासून आपसूक वाकेल तीच सायकल चाकरीत. रायाजी जासुदाची बापापासूनची सरळ चिमट्याची सायकल होती, ती गडावर हौसाई दाईच्या परसात नेऊन टाकिली. रायाजीला फार वाईट वाटले म्हणावे तर तसेही नाही. नवीवर बसून तो नगरात उगाच चकरा मारीत होता आणि बाया दारात येऊन बघत होत्या.

मग राजकन्या मैनाबाईसाहेबांची सासरी पाठवणी निघाली. त्या घरची रीत अशी की लेक उंबऱ्याबाहेर पडण्याआधी तिच्या तळव्यावर तिला वाढविलेल्या बाईच्या हातचे दही पडावे, आणि ते वाहनावरून थेट तळव्यावर यावे, मधे तिसरा हात नाही. मैनाबाईसाहेबांची आई बाळंतपणातच गेली, वाढविले ते हौसाईने, गडावर, ढगात. आता हौसाईचे पाय गेलेले, तिला खाली येणे नाही, आणि सासर इतके लांब की पुन्हा गडावर येणे नाही. तेव्हा दोघींची भेट म्हणजे तेवढे एक मडके.

सकाळी गडावर रायाजीने मडके नव्या सायकलीच्या हँडलाला फडक्याने आवळून बांधिले आणि निघाला. कवडीदार दही, वर साय, हलले तर मोडणारे. आणि मग चिमट्याने आपले गुण दाखविले. धोंडा आला की खाली बसे आणि वर येताना लाथ मारी, आणि एका धोंड्याचे उसणे पुढच्या धोंड्यांवर फेडीत उड्या मारीत जाई. ब्रेक दाबावा तो नाक खुपशी. ढग होता खरा, पण लाथाळ. रायाजीचे दात वाजत होते आणि मडक्यातून डुचूक डुचूक आवाज येत होता.

खाली नगरात, राजवाड्यात मैनाबाईसाहेबांनी झाकण काढिले, बोट बुडविले, चाखले. "रायाजीकाका, हे ताक आहे. लोणीसुद्धा आलंय." मग पुन्हा बोट बुडविले आणि म्हणाल्या, "हात तिचाच आहे, पण. दही नाही आलं तर मी कोरड्या तळव्याने जाईन. दुसऱ्या कोणाचं घेणार नाही."

पाठवणी गोरज मुहूर्तावर होती. रायाजी तसाच उलटा फिरला. आता ज्याने अशी सायकल चढाला मारिली त्यालाच ठाऊक, पायडल मारावे की चिमटा मुजरा करी, पुन्हा मारावे पुन्हा मुजरा, आणि माणसाचे निम्मे बळ त्या मुजऱ्यातच जाई. वर धुक्याचे पाणी स्प्रिंगात गेले, चिखल गेला, आणि गडाच्या दारात चिमटा जो वाकला तो वाकलाच.

हौसाई ओट्यावर बसली होती. "कोणापुढं वाकलीय रे एवढी?"

"उठतच नाही, दाईमाय. अन् दही मोडलं."

हौसाई आत सरकत गेली आणि दुसरे मडके घेऊन आली. ते तिने आपल्यासाठी लाविले होते, मैना गेल्यावर एकटीने बसून खावे म्हणून. "घे," म्हणाली, "मला काय, उद्या लावीन."

मग परसात गेले तो जुन्या सायकलीवर दुधीचा वेल चढलेला, चिमट्याला वेटोळे घालून बसलेला. दोघांनी वेल सोडविला. टायरातली निम्मी हवा निघून गेलेली, पंप खाली नगरात. वेळ नव्हता. रायाजी तसाच बसला आणि निघाला, आणि मग काय झाले ते त्याला नीट सांगता येत नसे. म्हणे मऊ टायर धोंड्यांना हळूच कुरवाळीत होते, सरळ चिमटा हाताला एकेक गोष्ट खरी सांगत होता, धुके पांढरे, मडके पांढरे, आणि डोंगरच सावकाश वर जात होता, आपण जागीच होतो.

गोरज झाली तेव्हा तो राजवाड्याच्या उंबऱ्याशी आला, आणि चोपदार आडवा झाला. म्हणाला, न वाकणारे आत येत नाही. मागचे चाक उचलावे तर मडके कलंडते. बाईसाहेबांनी बाहेर यावे तर दह्याआधीच उंबरा ओलांडला जातो. सरकारांनी एकदा चोपदाराकडे पाहिले, एकदा आकाशाकडे पाहिले, आणि त्यांना स्वतःचाच हुकूम मोडता येईना.

तेव्हा मैनाबाईसाहेब उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या, खूप वाकल्या, अंगावरचे दागिने पुढे लोंबले, आणि त्यांनी हात बाहेर मडक्याखाली धरिला. म्हणाल्या, "कोणीतरी वाकायचंच ना? मी वाकते."

रायाजीने मडके किंचित कलते केले. दह्याची कवडी अखंड तळव्यावर उतरली. बाईसाहेबांनी ते खाल्ले, आणि चिमट्यात दुधीचे एक पांढरे फूल अडकून राहिले होते ते केसांत खोविले, आणि उंबरा ओलांडून निघून गेल्या. सरकारांनी मान खाली घातली ती पालखी दिसेनाशी होईपर्यंत वर केली नाही.

मोरपंखी सायकल पुढे दरबारात ठेविली. ती अजून मुजऱ्यातच आहे, परराज्यांचे वकील येतात, कौतुक करतात. सरळ चिमट्याची गडावर जाते येते, निम्म्या हवेवर. हौसाईने दुसऱ्या दिवशी दही लाविले. दोन मडकी लाविली. एवढीच हकीकत, ऐकली तशी सांगितली, धुक्यात काही राहिले असेल तर ते धुक्याचे.