वानगीच्या खुंटीची आणि दोन देहदौलतींची हकीकत

श्री. कुलदेवतेचे पायीं मस्तक ठेवून, वाचणारास आरोग्य आणि लिहिणारास थोडी अक्कल मागून कागद पुढें ओढला. शके एकोणीसशें एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, ते सालीं दोन दौलती सुखानें नांदत होत्या. दौलती म्हणजे देहच; नऊ दरवाजे आणि आंत लक्षावधि घरें. थोरलीवर गोजराबाईसाहेब, धाकटीवर मैनाबाईसाहेब, एका आईबापाच्या सख्ख्या लेकी. ऐसें असतां एक तगली आणि एक बुडावयास आली, हें कैसें, तें मज तेव्हां उमगलें नाहीं आणि आतांही उमगलें ऐसें छातीठोक सांगवत नाहीं. मती गुंग होते. तरी जैसें घडलें तैसें लिहितों.

दोन्हीकडे एक जुना रिवाज होता. घरांत जें जें शिजेल, घडेल, त्याची चिमूटभर वानगी दारावरील खुंटीस टांगावी, आणि गस्तीच्या लोकांनीं येतां जातां ती पाहावी, आणि ओळखीची दिसली तर रामराम करून पुढें जावें, आणि परकी दिसली तर आंत गनीम शिरला ऐसें समजून तें घर गनिमासह जाळावें. खुंट्या बाजारांत मिळत नसत. चौकटीबरोबर उगवून येत, कांहीं आईकडील घाटाच्या, कांहीं बापाकडील. आणि ज्या घाटांत जो तुकडा बसेल तोच टांगला जाई, बाकीचा खालीं पडे. हल्लीचे वैद्य यास जनुकांचा वारसा म्हणतात. म्हणोत.

मग गनीम आला. वैद्य त्यास एचआयव्ही म्हणतात. अंगानें इतका लहान कीं पेटींत बसून येई, आणि शिरला तो नेमका कर्णेकऱ्यांच्या घरांत. कर्णेकरी म्हणजे संकटसमयीं कर्णा फुंकून गस्त गोळा करणारे; तेच मेले तर गस्तीस हांक कोणीं मारावी? आणि त्यानें घरच्या वंशावळीच्या पोथींत आपलें नांव घुसविलें, आणि आपल्या हजारों नकला काढविल्या, आणि नकलनवीस इतका धांदरट कीं प्रत्येक पोराचें पागोटें निराळें. दोन्ही दौलतींत हें एकाच मोसमांत जाहलें. थोरलीकडे दोन महिने जाळपोळ जाहली आणि मग गनीम जो दबला तो दबलाच; हजारांतील आठशें कर्णेकरी जागेवर राहिले. धाकटीकडे दरसाल शेंसवाशें मरूं लागले, आणि सहाव्या वर्षीं तीनशें उरले.

थोरलीच्या दरबारीं ठरलें कीं ही गस्तीचे सरदार सर्जेराव दुधभाते यांची मर्दुमकी. त्यांस सोन्याचें कडें दिलें, हत्ती दिला, हत्तीवर चढतां ते एकदां पडले तेंही शुभ मानलें, आणि अस्मादिकांनीं त्यांवर बत्तीस ओळी रचिल्या. इतक्यांत मैनाबाईसाहेबांचा खलिता आला: "आक्का, साधें पडसें आलें तरी आंत घुसतें आणि महिना महिना हालत नाहीं. तुमचे सर्जेराव चार महिने द्या. नाहीं तर पुढचा दसरा मी पाहत नाहीं." गोजराबाईसाहेब ढसढसां रडल्या आणि म्हणाल्या, "आजच्या आज निघा." मग सर्जेराव फौजेसह निघाले, आणि चौकटी दुरुस्त करणारा गोंदा सुतार बरोबर दिला, आणि मजला हकीकत लिहिण्यास धाडलें.

सर्जेराव धाकटीच्या वेशींत शिरले आणि दारांवरील खुंट्या पाहून थबकले. असला घाट त्यांनीं जन्मांत पाहिला नव्हता. "परकें! सारेंच परकें!" ऐसें ओरडून त्यांनीं चांगलीं निरोगी घरें पेटविलीं. मैनाबाईसाहेब तशाच अनवाणी धांवत आल्या.

"सर्जेराव, हात आवरा! हीं माझीं घरें आहेत. गनीम त्या पलीकडच्या आळींत आहे."

"तिकडे तर इथल्याहून कांहीं वेगळें दिसत नाहीं, बाईसाहेब."

"आणि इथें?"

"इथें तर आम्हांस सगळेंच वेगळें दिसतें."

आतां यावर काय बोलावें? सरदार तोच, तलवार तीच, मर्दुमकीही तीच. मी बत्तीस ओळी लिहिलेला मनुष्य. कागद घेऊन उभा राहिलों आणि लाज वाटली. तेव्हां गोंदा सुतार, जो दिवसभर चौकटी चांचपत होता, तो पुढें जाहला.

"बाईसायेब, रागावू नगा. आक्कासायबांकडची येक खुंटी वाकडी हाय. तिच्यात गनिमाच्या पेटीची बिजागरी अडकतीया. हितल्या खुंटीत निस्तं पागोट्याचं सूत बसतं. पागोटं त्यो रोज बदलतुया, मग गस्त वळखनार कशी? पर बिजागरी बदलली तर पेटी मिटायची न्हाई, आन् पेटी न्हाई मिटली तर त्यो उघड्यावर मरंल."

"मग तसल्या खुंट्या इथें बसव."

"बसत न्हाईत जी. चौकटीतनं उगवत्यात. आईसायबांचं दोन घाट हुतं. येक आक्कासायबांकडं ग्येला, दुसरा तुमच्याकडं. कुनाच्या हातचं न्हाई त्ये."

मैनाबाईसाहेब पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझें कांहीं चुकलें नव्हतें?"

"न्हाई जी."

"सहा वर्षें मी स्वतःलाच दोष देत होतें रे." आणि त्या रडल्या, आणि खोटें कशास बोलूं, मीही रडलों.

फौज परत आली. पुढें तारणनाम संवत्सरीं धाकटीकडे एकशें ऐशीं कर्णेकरी उरले असतां वैद्यांनीं गोळ्या आणिल्या. त्या गोळ्या नकलनविसाचे हात बांधीत, मात्र रोज त्याच वेळीं घ्याव्या, एक दिवस चुकूं नये. मैनाबाईसाहेबांनीं एकही चुकविली नाहीं, आणि तीन वर्षांत कर्णेकरी पांचशें जाहले. मैनाबाईसाहेबांनीं, गोळ्या धाडूं का, म्हणून थोरलीसही विचारिलें. गोजराबाईसाहेब म्हणाल्या, "आम्हांस औषध कशास? आमची खुंटी आहे." दरबारानें सर्जेरावांचा हत्ती काढून घेतला आणि वाकड्या खुंटीस हार घातला. ज्यांनीं काल सरदाराचा जयजयकार केला तेच आज खुंटीचा करीत होते, आणि मी कोणाच्या नांवानें लिहावें तें मला कळेना.

गोळ्या आल्यापासून पांचव्या वर्षीं, विरोधीनाम संवत्सरीं, गनिमाच्या एका पोरानें बिजागरी बदलली, आणि पेटी मिटेना म्हणून पेटीची एक फळीही बदलली, आणि पेटी मिटली. नवी बिजागरी वाकड्या खुंटींत बसेना, म्हणून खुंटीवर कांहीं टांगलें जाईना. गस्त रिकाम्या खुंटीस रामराम करून पुढें जाई, आणि दोन वर्षांत कर्णेकरी आठशेंचे तीनशें जाहले. गोजराबाईसाहेबांनीं मजला बोलावून आज्ञा केली, "मैनेस लिहा, सर्व कुशल आहे." मी लिहिलें. मात्र खालीं, आज्ञेवांचून, एक ओळ घातली: कर्णेकरी तीनशें. जन्मांत धन्याचा हुकूम मोडला तो इतकाच.

चौथ्या दिवशीं मैनाबाईसाहेब वर्दी न देतां आल्या, आणि पदराआड गोळ्यांची डबी होती. थोरल्या बाईंनीं मान वर केली नाहीं.

"मैना, मीं तुजकडे सर्जेराव धाडला. त्यानें तुझींच घरें जाळलीं."

"जाळलीं."

"आणि तूं औषध देत होतीस तेव्हां मी खुंटीला हार घालीत बसलें."

"बसलांत खऱ्या. किती वाजले?"

"आठ."

"माझी वेळ झाली. दोन पेले पाणी मागवा."

ऐसी ही हकीकत. गनीम मेला नाहीं, पोथ्यांतून दबा धरून आहे; तरी दोन्ही दौलती आज उभ्या आहेत. एका आईच्या दोघी लेकींत एकीस एक घाट आणि दुजीस दुसरा, हें कोण ठरवितो तें मी पुष्कळांस विचारलें, आणि प्रत्येकानें निराळें सांगितलें. मजला ठाऊक तें इतकेंच, कीं रोज आठ वाजतां दोन्हीकडे नौबत वाजते आणि दोघी बहिणी आपापल्या ठिकाणीं पाणी पितात. दौत मिटली.